बाथरूममधला क्लोरीन आणि एका बापाचा प्रश्न

दिवाळीच्या आधीचे दोन आठवडे आमच्या दवाखान्यात ठरावीक रुग्ण येतात. माळ्यावरून पडलेले, जाळ्या-जळमटांच्या धुळीने दमा उफाळलेले, रंग देताना चुना डोळ्यात उडालेले. गेल्या वर्षी त्यांत एक बाई आल्या. त्यांच्या दुखण्याची गोष्ट आज सांगणार आहे, कारण तिच्यावर विचार करता करता मी पार अमेरिकेतल्या एका रसायनशास्त्रज्ञापर्यंत जाऊन पोहोचलो.

संध्याकाळी सहाच्या सुमारास यजमानांनी त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून आणले. खोकल्याची उबळ थांबत नव्हती, डोळ्यांतून पाण्याच्या धारा, घशात आग आणि छाती कुणीतरी दोरीने आवळल्यासारखी. मागोमाग सायकल दामटीत मुलगा आला. तो बारावी सायन्सला आहे. विचारपूस केली तेव्हा उलगडा झाला. संडासाच्या फरशीवरचे पिवळे डाग निघेनात म्हणून आधी टीसीएल पावडर पसरली होती. आपल्याकडे विहिरीत टाकतात ती, म्हणजेच ब्लीचिंग पावडर. तेवढ्याने भागेना म्हणून त्यावर फरशी धुण्याचे अ‍ॅसिड ओतले. दार लोटलेले, झरोका वीतभर. अ‍ॅसिड ओतणारा हा मुलगाच. नाकातोंडात झिणझिण्या आल्याबरोबर तो बाहेर पळाला. आई मात्र "अ‍ॅसिड म्हटलं की वास यायचाच" असे म्हणत उकिडवी बसून घासत राहिली.

ब्लीचिंग पावडरवर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड पडले की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने शत्रूच्या खंदकांवर सोडला तो हाच वायू. तो हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असल्यामुळे वर न जाता जमिनीलगत साचतो. उभ्या माणसापेक्षा खाली बसून घासणाऱ्या बाईच्या नाकात तो जास्त जातो, याचे कारण हेच. श्वासनलिकेच्या ओलाव्यात तो विरघळला की तेथेच आम्ल तयार होते आणि आतले अस्तर भाजून निघते. थोडक्यात निभावले तर दोन दिवस खोकला राहतो. जास्त झाले तर काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरू शकते. म्हणून "आता बरं वाटतंय" असे रुग्ण म्हणाला तरी आम्ही त्याला लगेच घरी सोडत नाही. या बाईंना प्राणवायू दिला, नेब्युलायझर लावला आणि रात्रभर ठेवून घेतले. सकाळी त्या चहा मागण्याइतक्या बऱ्या झाल्या.

वाचकहो, असे तुमच्या घरी झाले तर आधी माणसाला मोकळ्या हवेत आणा. डोळे चुरचुरत असतील तर साध्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा. अंगावरचे कपडे बदला. वायू भरलेल्या खोलीत पुन्हा "काय झालंय ते बघायला" जाऊ नका. दारे-खिडक्या बाहेरून उघडता येतील तेवढ्या उघडा आणि तास-दोन तास तिकडे फिरकू नका. संडास स्वच्छ करण्याचे बाटलीतले द्रवही बहुतेक वेळा अ‍ॅसिडचेच असते. ते आणि कोणतेही ब्लीच, मग ते पावडरीचे असो की पातळ, एका वेळी एका जागी वापरायचे नाही.

पण मला लागून राहिली ती त्या मुलाची गोष्ट. रात्री आईजवळ बसलेला असताना तो खालच्या मानेने म्हणाला, "काका, ही रिअ‍ॅक्शन आम्हाला आहे. सहामाहीत आली होती. मी बरोबर लिहिली होती." त्याला त्या प्रश्नाचे पूर्ण गुण मिळाले होते. मी त्याला रागावलो नाही, कारण रागवायचे तर कुणाकुणावर? त्याला समीकरण शिकवले होते, त्यातला क्लोरीन आपल्या संडासात तयार होईल हे कुणी सांगितले नव्हते.

यावरून मला जॉन वॉर्नर यांची हकीकत आठवली. हे अमेरिकेतील बॉस्टन भागातले रसायनशास्त्रज्ञ. प्रिन्स्टन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून ते पोलरॉइड या कॅमेऱ्याच्या कंपनीत संशोधन करीत. नवनवे रेणू तयार करण्यात त्यांचा हातखंडा होता. त्यांना एक मुलगा झाला. त्याच्या यकृतातून पित्त बाहेर वाहून नेणाऱ्या नळ्याच नीट नव्हत्या. या विकाराला बिलियरी अट्रेसिया म्हणतात. सगळे उपचार करूनही ते मूल दोन वर्षांचे होऊन गेले. वॉर्नर आपल्या भाषणांतून स्वतःच सांगतात की, मुलाचे अंत्यविधी झाल्यावर रात्री त्यांना झोप लागेना. आपण प्रयोगशाळेत हाताळलेल्या एखाद्या पदार्थामुळे तर हे झाले नसेल ना, हा प्रश्न डोक्यातून जाईना. तोवर त्यांनी अडीच हजारांच्या आसपास संयुगे बनविली होती. आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की, शाळेपासून डॉक्टरेटपर्यंतच्या आपल्या सगळ्या शिक्षणात एखादा रेणू विषारी कशामुळे ठरतो, हे आपल्याला एकाही वर्गात शिकविलेले नाही.

येथे डॉक्टर या नात्याने एक खुलासा केलाच पाहिजे. वॉर्नर यांच्या मुलाचा आजार रसायनांमुळे झाला असे सिद्ध झालेले नाही. या विकाराचे नेमके कारण वैद्यकशास्त्रालाही अजून सापडलेले नाही. तेव्हा कुणा आईने वा बापाने स्वतःला दोष देत बसू नये. मात्र हा विकार आपल्याकडेही दिसतो आणि त्यात वेळ फार मोलाची असते, म्हणून विषय निघालाच आहे तर सांगतो. नवजात बाळाला पहिल्या आठवड्यात थोडी कावीळ दिसणे नेहमीचे आहे. पण ती दोन आठवड्यांनंतरही टिकली, लघवी गडद पिवळी होऊन दुपट्यावर डाग पडू लागले आणि शीचा रंग पांढरट, शाडूच्या मातीसारखा झाला, तर "कोवळं ऊन दाखवा, उतरेल" या सल्ल्यावर विसंबू नका. त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ गाठा. जपानचे शल्यचिकित्सक कासाई यांच्या नावाने एक शस्त्रक्रिया आहे. ती बाळ दोन महिन्यांचे व्हायच्या आत झाली तर उपयोग होण्याची शक्यता बरीच अधिक असते. आमच्याकडे अशी मुले तिसऱ्या-चौथ्या महिन्यात येतात, कारण तोवर घरात कुणी शीच्या रंगाकडे लक्ष दिलेले नसते.

असो. वॉर्नर यांचे जुने स्नेही पॉल अनास्तास हे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्यात रसायनशास्त्रज्ञ होते. १९९१च्या सुमारास त्यांनी 'ग्रीन केमिस्ट्री', म्हणजे हरित रसायनशास्त्र, हा शब्द रूढ केला. दोघांनी मिळून १९९८ साली या विषयावर पुस्तक लिहिले आणि त्यात बारा तत्त्वे मांडली. ती सगळी येथे देत नाही, पण पहिलेच तत्त्व आम्हा डॉक्टरांच्या ओळखीचे आहे. घाण तयार करून मग निस्तरत बसण्यापेक्षा ती तयारच होऊ देऊ नये, असे ते सांगते. लसीकरण आणि उकळलेले पाणी यांच्यामागे हाच विचार आहे. दुसरे एक तत्त्व सांगते की, पदार्थ आपले काम चोख करील पण माणसाला अपाय कमीत कमी करील, अशीच त्याची रचना आधीपासून करावी. आणखी एक म्हणते, काम झाल्यावर तो पदार्थ निसर्गात निरुपद्रवी होऊन मोडला पाहिजे, वर्षानुवर्षे साचून राहता कामा नये.

हे सगळे पुस्तकी वाटेल म्हणून तुमच्या औषधांच्या डब्यातलेच उदाहरण घेऊ. आयबुप्रोफेनची गोळी बहुतेकांनी घेतलेली असेल. दाढ दुखली, पाय मुरगळला की आठवते ती. (रिकाम्या पोटी घेऊ नका, हे दर वेळी सांगावे लागते.) इंग्लंडमधील बूट्स कंपनीत स्ट्युअर्ट अ‍ॅडम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे औषध शोधले आणि १९६९ साली ते तेथे वापरात आले. ते बनविण्याची मूळ रीत सहा पायऱ्यांची होती. या रीतीत जेवढा कच्चा माल आत जाई, त्याच्या वजनातला जेमतेम ४० टक्के भाग गोळीच्या औषधात उतरे आणि उरलेला ६० टक्के निरुपयोगी होऊन बाहेर पडे. लोणच्याला शंभर किलो कैऱ्या आणून साठ किलो उकिरड्यावर फेकाव्यात, त्यातला प्रकार. जगभर या औषधाचे टनावारी उत्पादन होते, तेव्हा उकिरडाही टनावारीच होणार.

पुढे बीएचसी नावाच्या कंपनीने तीनच पायऱ्यांची रीत काढली आणि १९९२ साली टेक्सासमधील बिशप या गावी तसा कारखाना सुरू झाला. या रीतीत ७७ टक्के माल औषधात उतरतो, आणि जोडीला निघणारे अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड परत मिळवून विकले किंवा वापरले तर फुकट जाणारा भाग जवळजवळ उरतच नाही. १९९७ साली या कामाला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या नावाने दिला जाणारा हरित रसायनशास्त्राचा पुरस्कार मिळाला. आता खरे तेही सांगायला हवे. या नव्या रीतीत हायड्रोजन फ्लुओराइड वापरतात आणि तो पदार्थ स्वतः भयंकर आहे. कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत इजा करतो. कारखान्यात तो बंदिस्त ठेवून पुन्हा पुन्हा वापरला जातो हे खरे, तरी 'हरित' ही चिठ्ठी चिकटवली की सगळे संपले, असे समजायचे कारण नाही.

औषध बनवताना घाण बाहेर सोडली तर काय होते, हेही आपल्या देशात दिसले आहे. हैदराबादजवळ पतनचेरू भागात औषधांचे बरेच कारखाने आहेत. तेथील सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा अभ्यास स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २००७ साली प्रसिद्ध केला. त्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. सिप्रोची गोळी घेतलेल्या रुग्णाच्या रक्तात असते त्याहून हे प्रमाण कितीतरी जास्त. अशा पाण्यात जे जंतू तगतात ते त्या औषधाला दाद न देणारे असतात. लघवीच्या जंतुसंसर्गाचा रुग्ण समोर बसलेला असतो, तपासणीच्या कागदावर एकेका औषधापुढे 'निरुपयोगी' असा शेरा असतो आणि आम्ही इंजेक्शनांच्या किमती त्याला सांगत असतो. दुखण्याचा उगम डॉक्टरच्या आवाक्याबाहेर, पार कारखान्याच्या गटारात असू शकतो. म्हणूनच मला वाटते, तो गटार तयार होऊ न देणारा रसायनशास्त्रज्ञ हा माझ्याच धंद्याचा माणूस आहे.

वॉर्नर यांनी पुढे कंपनी सोडून मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या बॉस्टन शाखेत शिकवायला सुरुवात केली आणि तेथे हरित रसायनशास्त्राचा डॉक्टरेटचा अभ्यासक्रम उभा केला. जगातला तो पहिलाच. तेथून डॉक्टरेट घेणाऱ्या एमी कॅनन यांच्याबरोबर त्यांनी २००७ साली 'बियॉन्ड बिनाइन' ही संस्था काढली. या संस्थेचे काम शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांमध्ये चालते. शिक्षकांना प्रशिक्षण द्यायचे, धोकादायक प्रयोगांच्या जागी तेच तत्त्व शिकविणारे साधे प्रयोग द्यायचे, आणि रसायनशास्त्राचा पदवीधर विषशास्त्राची तोंडओळख झाल्याशिवाय बाहेर पडू नये यासाठी विद्यापीठांच्या मागे लागायचे. मला यातले शेवटचे सर्वांत महत्त्वाचे वाटते.

आपल्याकडेही हे वारे आले आहे. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने महाविद्यालयांसाठी हरित प्रयोगांची पुस्तिका काढली. बी.एस्सी. झालेल्या वाचकांना अ‍ॅसिटॅनिलाइडचे ब्रोमिनेशन आठवत असेल. लालभडक ब्रोमीनची ती बाटली उघडली की अख्ख्या प्रयोगशाळेला खोकला येई. पुस्तिकेत त्याऐवजी पोटॅशियम ब्रोमाइड आणि सेरिक अमोनियम नायट्रेट वापरून, पाणी-अल्कोहोलमध्ये, साध्या तापमानाला तोच पदार्थ करून दाखविला आहे. २०११ हे आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र वर्ष होते, मेरी क्यूरी यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाल्याला तेव्हा शंभर वर्षे झाली. त्या वर्षी रसायनशास्त्रज्ञांच्या जागतिक संघटनेने आणि युनेस्कोने देशोदेशीच्या शाळकरी मुलांकडून आपापल्या गावच्या पाण्याची तपासणी करवून घेतली. पाणी आम्ल आहे की अल्कली, त्यात क्षार किती, जंतुनाशकाने ते शुद्ध कसे होते, उन्हाच्या उष्णतेने खाऱ्याचे गोडे कसे करता येते, असे सोपेच प्रयोग होते ते.

हे वाचून मी आमच्या गावच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना गाठले. ते म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही माणसं तपासा, मी पाणी तपासतो. शाळा तुम्ही ठरवा." २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, आम्ही एका शाळेत गेलो. बरोबर तो बारावीचा मुलगाही होता. परीक्षा तोंडावर असून आईनेच पाठविला. जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात टाकून केलेला अर्क लिंबाच्या रसात गडद गुलाबी आणि साबणाच्या पाण्यात हिरवा होतो, हे मुलांनी स्वतः केले. हळदीचा डाग साबणाने लाल होतो हे त्यांना आधीच ठाऊक होते. त्याचे कारण मात्र त्या दिवशी कळले.

मग पिण्याच्या पाण्यातला क्लोरीन. ग्रामपंचायतीचे कर्मचारी पाण्यात थेंब टाकून पिवळा रंग बघतात, ती ओ.टी. टेस्ट तुम्ही पाहिली असेल. तो थेंब ऑर्थोटोलिडीनचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हा पदार्थ माणसात कर्करोग घडवू शकण्याची शक्यता असलेल्यांच्या यादीत घातला आहे. तपासलेले पाणी टाकून द्यायचे असते, त्यामुळे पिणाऱ्याला त्याचा धोका नाही. पण वर्षभर बाटली हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याने हातमोजे घालावेत आणि ते पाणी कुणी पिणार नाही हे पाहावे. अलीकडे त्याऐवजी डीपीडी नावाची गोळी वापरतात. तिने पाणी गुलाबी होते आणि मापही अधिक नेमके कळते. प्राध्यापकांनी डीपीडीच आणली होती. शाळेच्या टाकीतल्या पाण्याला रंगच आला नाही. म्हणजे त्या दिवशी पाण्यात क्लोरीन नव्हता. मुख्याध्यापकांनी तेथूनच नळ पाणीपुरवठ्याच्या माणसाला फोन लावला.

बारावीच्या मुलाने दोन रिकाम्या बाटल्या हातात घेऊन, एक टीसीएलची आणि एक अ‍ॅसिडची, आपल्या घरी काय झाले ते सांगितले. त्याने फळ्यावर समीकरणही लिहिले. पण मुली ऐकत होत्या ते आई कशी खोकत होती ते. घरी संडास कोण धुते, असे विचारल्यावर बहुतेक हात मुलींचेच वर आले.

एक गोष्ट मात्र मला खटकत राहते. हल्ली साबणापासून गुळापर्यंत सगळ्यावर 'केमिकल-फ्री' असे छापलेले असते. पाणी हेही रसायनच, मीठही आणि हळदीतला कुर्क्युमिनही. रसायनमुक्त काही नसते. अशा जाहिरातींनी लोक रसायनांना भितात, पण टीसीएलवर अ‍ॅसिड ओतायला भीत नाहीत. भीती चुकीच्या बाटलीची बसते.

कार्यक्रम आटोपल्यावर विज्ञानाच्या बाईंनी आम्हाला प्रयोगशाळेतले एक कपाट उघडून दाखविले. मागच्या कप्प्यात चपट्या बाटलीत पारा होता, अर्धा किलो तरी असेल. पूर्वी मुलांच्या तळहातावर देऊन दाखवीत, असे बाई म्हणाल्या. पाऱ्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही, वासही येत नाही, पण श्वासातून जाऊन ती मेंदूवर आणि मूत्रपिंडांवर परिणाम करते. पाऱ्याला आळा घालणारा मिनामाता करार २०१३ साली झाला आणि भारतानेही २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. (घरी जुना थर्मामीटर फुटला तर झाडूने लोटू नका, थेंब फुटून पसरतात. खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा, जाड कागदाने गोळे एकत्र करून झाकणाच्या बाटलीत थोड्या पाण्याखाली ठेवा.)

"मग हे टाकायचं कुठं?" बाईंनी विचारले. मोरीत नाही, कचऱ्यात नाही, भंगारवाल्याला तर मुळीच नाही. प्राध्यापकांनी सांगितले की घातक कचरा घेणारी अधिकृत केंद्रे तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरीला आहेत, पण एका बाटलीसाठी तेथवर कसे जायचे ते प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडून विचारून घ्यावे लागेल. नववीच्या मुलांनी बाईंच्या मदतीने तसे पत्र लिहिले आहे आणि तालुक्यातल्या दुसऱ्या शाळांकडेही अशा बाटल्या आहेत का, याची यादी करायला घेतली आहे. आतापर्यंत चार निघाल्या. बाटली सध्या घट्ट बुचाने बंद करून, प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवून, कपाटाला कुलूप लावले आहे. किल्ली बाईंकडे आहे.